पगाराबाहेरचं बक्षीस: कुपवाडच्या एका कारखानदाराला उत्तर

तुमचं कुपवाड एमआयडीसीत साठ माणसांचं मशीन शॉप आहे. वडिलांनी उभं केलं, आता तुम्ही बघता. चाकण-भोसरीच्या तोडीचा पगार तुम्हाला परवडत नाही. हाताखाली तयार झालेली पोरं दोन वर्षांत पुण्याची गाडी धरतात आणि राहिलेल्यांच्या दांड्या वाढल्यात. म्हणून तुम्ही ‘महिन्याचा उत्तम कामगार’ सुरू केलं, गेटजवळ फोटोचा फलक लावला, वाढदिवसाला केक आणायला लागलात. चौथ्या महिन्यात फलकावरून वाद झाला आणि ज्याचा फोटो होता त्यानंच तो उतरवायला लावला. आता तुम्ही विचारताय की पैसा न वाढवता माणसं मन लावून काम करतील असं नेमकं काय द्यायचं.

मी मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. टाइम ऑफिसात हजेरीपत्रक भरण्यापासून सुरुवात केली आणि पर्सोनेल मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नातला ‘पैसा न वाढवता’ हा भाग आधी नीट तपासायला हवा.

एका फाउंड्रीत मंदीच्या वर्षी पगारवाढ पुढं ढकलली गेली. ढकलली ती ढकलली, पण कधी होणार हेही कुणी सांगितलं नाही. तीन महिन्यांनी व्यवस्थापनाच्या मनात आलं की माणसं नाराज दिसतात, तर एक सत्कार समारंभ करू. मांडव घातला, भाषणं झाली, प्रत्येकाला कंपनीचं नाव छापलेली एक बॅग दिली. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या पाळीची माणसं गेटपाशी आली आणि वॉचमनच्या केबिनशेजारच्या कट्ट्यावर बॅगा एकीला एक लावून ठेवून घरी गेली. घोषणा नाही, शिवीगाळ नाही. त्या बॅगा मी माझ्या हातानं वाटल्या होत्या. तो कट्टा मला अजून दिसतो.

त्या माणसांना बॅगेचा राग नव्हता. जे देणं लागत होतं त्याच्या जागी ती आली होती, म्हणून ती अपमानाची झाली. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली मांडलेलं म्हणणं मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं. पिट्सबर्ग भागातल्या दोनशेच्या आसपास अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचारलं होतं की कामावर तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. वाईट वाटल्याच्या आठवणींत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा आणि पगार यांच्या तक्रारी पुढं आल्या. बरं वाटल्याच्या आठवणी वेगळ्याच होत्या: काहीतरी साधलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, काम स्वतःच आवडीचं होतं. म्हणजे पगार आणि वागणूक बिघडली तर माणूस नक्की खचतो, पण ती ठीक असली म्हणून आपोआप उभारी येते असंही नाही. उभारीची वाट निराळी आहे आणि खड्डा बुजवल्याशिवाय त्या वाटेवर जाता येत नाही.

तेव्हा आधी स्वतःशी खरं बोला. पगार ठरल्या तारखेला होतो का? जादा वेळेचा दुप्पट दर देता का? वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा मागताना माणसाला विनवणी करावी लागते का? पीएफ वेळेवर भरला जातो का? संडासाला कडी आहे का? ही कायद्याची देणी आहेत, यांना बक्षीस म्हणायचं नाही आणि सत्कारात यांचा उल्लेखही करायचा नाही. चाकणचा पगार तुम्हाला परवडत नसेल तर तेही माणसांसमोर उभं राहून सांगा. ऑर्डरची स्थिती काय आहे, वाढ किती जमेल, कोणत्या महिन्यात होईल. आपल्याकडच्या माणसाला अडचण कळते, लपवाछपवी सोसत नाही.

आता फलकाकडे येतो.

मशीन शॉपचं काम एकट्याचं नसतं. पहिल्या पाळीचा ऑपरेटर दुसऱ्या पाळीच्या माणसाला जाताना सांगतो, ‘इन्सर्टचा कोपरा गेलाय, ऑफसेट थोडा दिलाय, पंधरा-वीस नगांनी बोअर मोजून बघ.’ म्हणजे कापणाऱ्या पात्याची धार गेलीय, मशीनची सेटिंग थोडी सरकवलीय, नगाचं भोक मोजून बघ. या एका वाक्यावर किती नग वाचतात ते तुम्ही जाणता. आता त्या दोघांपैकी महिन्याला एकाचाच फोटो लागणार असेल तर ते वाक्य हळूहळू बंद होतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं. ज्याचा फोटो लागला त्याला शेजारचे ‘साहेबाचा माणूस’ म्हणू लागले, त्याला मापाचं गेज सापडेना, त्याच्या मशीनला कास्टिंग सगळ्यात शेवटी येऊ लागलं. पुढं सुपरवायझरनं भांडण टाळायला आळीपाळीनं नावं द्यायला सुरुवात केली आणि मग त्या फलकाला कसलाच अर्थ उरला नाही. तुमच्या ज्या माणसानं फोटो उतरवायला लावला तो उर्मट नव्हे. सोबत्यांत राहून काम करायचं असेल तर तो फोटो आपल्याला महाग पडतोय, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला एकदा बाजूला घेऊन चहा पाजा आणि त्याचं बरोबर होतं असं सांगा.

हजेरीच्या बक्षिसाचंही असंच. दांड्या वाढल्या की शंभर टक्के हजेरीवाल्याला कुकर किंवा मिक्सर द्यायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. अमेरिकेत औद्योगिक लॉन्ड्रीच्या एका कारखान्यात उत्तम हजेरीवाल्यांची नावं सोडतीत घालून बक्षीस द्यायला सुरुवात केली होती. त्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. काही जण बक्षिसाच्या हिशेबानं वेळ पाळू लागले, आणि एकदा संधी हुकली की त्या महिन्यापुरतं सोडून देऊ लागले. त्याहून वाईट म्हणजे जी माणसं आधीपासून, कुणी न सांगता, वेळेवर येत होती त्यांचीच कामाची गती घसरली. इतकी वर्षं आपण वेळेवर येतोय ते कुणी पाहिलं नाही, आणि आता उशिरा येणारा दोन महिने सुधारला तर त्याचं कौतुक! मला हे वाचून नवल वाटलं नाही. आपल्याकडेही शंभर टक्के हजेरीच्या नादात ताप अंगात घेऊन मशीनवर उभा राहिलेला माणूस मी पाहिलाय. त्या पाळीत त्याचं बोट थोडक्यात वाचलं. तेव्हापासून हजेरीचं बक्षीस मी कुणालाही सुचवत नाही.

दांड्यांचं कारण आपल्या भागात वेगळ्या ठिकाणी शोधायला लागतं. तुमच्याकडची निम्मी माणसं तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पूर्व भागातून येत असतील. प्रत्येकाच्या घरी वीस-तीस गुंठे ते दोन एकर रान आहे. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं की पाण्याची पाळी घरातल्या माणसाला चुकवता येत नाही. शेतीची थ्री-फेज लाइट कधी दिवसा असते, कधी मध्यरात्री. द्राक्षवाल्याचं तर विचारूच नका. ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर पाऊस पडला तर दावण्या रोगाच्या भीतीनं त्याच दिवशी फवारणी करावी लागते. त्या दिवशी त्याला मशीनवर थांबवलंत तर तो शरीरानं मशीनवर आणि जिवानं बागेत असतो. शिवाय चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. जत्रेला घरचा कर्ता माणूस नाही म्हणजे पाहुण्यांत मान जातो.

यावर आम्ही एक साधी गोष्ट केली. पाळी बदलण्याची वही ऑपरेटरांच्याच ताब्यात दिली. कुणाला पाण्याची पाळी असेल तर त्यानं आपल्या मशीनवर काम येणाऱ्या दुसऱ्याशी बोलून अदलाबदल करायची, दोघांनी वहीत सही करायची, सुपरवायझरला फक्त कळवायचं. परवानगी मागायची नाही. अट एकच, मशीन बंद राहता कामा नये. सुपरवायझर सुरुवातीला हादरले होते, ‘ही पोरं गोंधळ घालतील’ म्हणून. गोंधळ पहिल्या महिन्यात झाला, दोनदा. मग ऑपरेटरांनीच बसून नियम केला की बदली आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठरली पाहिजे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या गावच्या जत्रेची तारीखही कॅलेंडरवर लिहून घेतली आणि त्या दिवसाची रजा तेव्हाच पक्की केली. न सांगता मारलेल्या दांड्या उतरल्या, हे मी हजेरीपत्रकावर पाहिलंय. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते असं, की ज्याला रजेसाठी साहेबासमोर हात चोळत उभं राहावं लागत होतं तो आता आपला वेळ आपण ठरवत होता. मिक्सरपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. तिला खर्चही नाही, फक्त तुमचा थोडा अधिकार सोडावा लागतो. बहुतेक मालकांना नेमकं तेच जड जातं.

विश्वास टाकणं हे आपल्या सांगली जिल्ह्याला नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर, म्हणजे आजच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीची राखण करायला ठेवलं. त्याच संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. औंधचे राजे आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकारानं तिथं कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. तुमच्या शॉपमधला माणूस तर आयटीआय करून, घरदार सांभाळून आलेला आहे. त्याच्या हातात तीस-पस्तीस लाखांचं व्हीएमसी मशीन देता आणि दोन तास आधी घरी जायचं तर गेटपाससाठी तीन सह्या मागता. त्या तीन सह्या त्याला रोज काय सांगतात, याचा विचार करा.

आता कौतुकाबद्दल. कौतुक सगळ्यांनाच हवं असतं, पण ‘शाब्बास, छान काम करता’ असं मोघम बोललेलं कानावरून जातं. आमच्याकडे एक सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, होते, पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणत. पंपाच्या केसिंगचा एक नग वारंवार रिजेक्ट होत होता, फेस तिरका जायचा. इंजिनिअरांनी टूल बदललं, फीड कमी केला, उपयोग होईना. मामांनी फिक्स्चर, म्हणजे नग धरून ठेवणारी चौकट, साफ करताना पाहिलं की नग टेकतो त्या रेस्ट पॅडच्या कडेला बारीक चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकते आणि नग केसभर उचलला जातो. त्यांनी सुचवलं की पॅड लहान करा आणि भोवती खाच मारा, चिप खाली पडेल. तसं केलं आणि तो दोष गेला. त्यांना काय द्यायचं यावर ऑफिसात चर्चा चालली होती. कुणी म्हणालं शाल-श्रीफळ, कुणी म्हणालं पाचशे रुपयांचं कूपन. टूल रूमच्या फोरमननं कुणाला न विचारता अक्षरांचे पंच घेतले आणि फिक्स्चरच्या बेस प्लेटवर मामांचं नाव आणि तारीख ठोकली. बस्स. ते फिक्स्चर पुढं कित्येक वर्षं चाललं. नवा पोरगा आला की विचारायचा, हे नाव कुणाचं, आणि कुणीतरी त्याला सगळी गोष्ट सांगायचं. त्या वर्षी खंडेनवमीला मामा आपल्या मुलीला घेऊन आले. मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि तिला वाकून ते नाव दाखवलं.

त्या पंचात काय होतं? त्यांनी नेमकं काय केलं ते कुणीतरी बारकाईनं पाहिलं होतं. ते काम त्यांच्यावाचून झालं नसतं हे कायमचं लिहिलं गेलं होतं. आणि त्यात कुणी हरलं नव्हतं, कारण दुसऱ्या फिक्स्चरवर दुसऱ्याचं नाव लागायला जागा मोकळी होती. तुम्ही जे काही द्याल ते या कसोटीवर घासून बघा. ज्याचं काम कुणी पाहिलेलंच नाही त्याला दिलेलं बक्षीस म्हणजे नुसती वस्तू.

म्हणून माझा खरा भर सुपरवायझरवर असतो. मालक वर्षातून चारदा बोलतो, सुपरवायझर पाळीत चाळीसदा. त्याला एवढंच शिकवा की चांगलं काही दिसलं तर त्याच पाळीत, त्या माणसाजवळ जाऊन, काय पाहिलं ते सांगायचं. ‘टूल बदलायच्या आधी थांबून बोअर मोजलास, म्हणून ही लॉट वाचली,’ असं. चारचौघांत सांगायचं की एकट्याला, हे माणूस बघून ठरवायचं. काहींना चारचौघांतलं कौतुकही अवघड करतं. आणि चूक झाली तर मात्र नेहमी एकट्यालाच. सुपरवायझर जर मशीनसमोर आईबहिणीवरून शिवी देत असेल तर बाकी काही करण्यात अर्थ नाही, आधी ते थांबवा. बेदाण्याच्या एका युनिटमध्ये निवडाईच्या बायकांना सगळे ‘ए बाई’ म्हणून हाक मारायचे. तिथं मी सांगितलेला पहिला आणि बरेच दिवस एकमेव बदल होता की प्रत्येकीला नावानं आणि ताई-मावशी लावून बोलायचं. मुकादमाला ते जिभेवर बसायला महिना लागला. त्यातल्या एकीनं मला सांगितलं, ‘साहेब, घरी पण मला कुणी नावानं बोलावत नाही.’

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी गेलात तर तिथल्या कारागिराला विचारा की कामाचं समाधान कशात आहे. तंबोऱ्याची जवारी लावल्यावर, म्हणजे घोडी घासून तारांना झंकार आणल्यावर, गवई समोर बसून तारा छेडतो, ऐकतो आणि मान डोलावतो. काम कुठं पोचलं ते कारागिराला तिथल्या तिथं कळतं. तुमच्या ऑपरेटरला ते कधीच कळत नाही. तो हजारो नग करतो, ते पेटीत भरून ट्रकमध्ये जातात आणि परत येतं ते फक्त रिजेक्शन.

आम्ही एकदा आठ ऑपरेटरांना ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर नेलं. गाडीभाडं आणि जेवण, एवढाच खर्च. तिथं एक फिटर आमचं कव्हर बसवत होता आणि त्याच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. आमच्या माणसानं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, ‘तुमच्या कव्हराच्या आतल्या कडेला बर राहते, ती लागते.’ बर म्हणजे कापलेल्या कडेला राहिलेली धातूची धारदार कोर. कुणीच काही बोललं नाही. परत येताना गाडीत त्या ऑपरेटरनं मला विचारलं, डीबरिंगला, म्हणजे ती बर घासून काढायला, वेगळी फाइल (कानस) मिळेल का. या विषयावर आम्ही वर्षभर नोटिसा लावत होतो! अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांचा २००७ सालचा असाच एक प्रयोग आहे. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची भेट त्यांनी त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी घालून दिली, काही मिनिटांचीच. महिन्यानंतर त्या लोकांचा फोनवर बोलण्याचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मशीन शॉपमध्ये असे आकडे येतील असं मी म्हणत नाही. पण त्या आठ जणांपैकी एकालाही पुन्हा बरबद्दल सांगावं लागलं नाही.

कंत्राटी माणसांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, आणि मला ते खटकलं. साठांतले किती ठेकेदाराचे आहेत? दिवाळीला कायम कामगाराला किलोचा मिठाईचा पुडा आणि कंत्राटी माणसाला अर्ध्या किलोचा, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. वाचतात किती रुपये? दोघं एकाच बसमधून घरी जातात, पुडे मांडीवर ठेवून. पगारातला फरक माणूस नाइलाजानं मान्य करतो, पण अर्धा पुडा घरच्यांना दाखवताना त्याला काय वाटत असेल! चहाचे कप, बूट, खंडेनवमीचा प्रसाद, सहल, यांत भेद ठेवू नका. परवडत नसेल तर सगळ्यांना अर्धा किलो द्या.

शिकवण्याबद्दल तुमची भीती मला ठाऊक आहे: हेल्परला सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, चढवलं की तो पुण्याला जाणार. काही जातील. मी शिकवलेले कित्येक गेले, त्यांतले काही आई-वडील थकल्यावर परत आले आणि येताना बाहेरचं शिकून आले. पण न शिकवलेला हेल्पर दहा वर्षं झाडू आणि ट्रॉलीवरच राहिला तर त्याच्याकडून मन लावण्याची अपेक्षा कशी करायची? कोण कोणती मशीन चालवू शकतो याचा तक्ता शॉपमध्ये लावा, पुढची पायरी गाठायला काय यायला हवं ते लिहा, आणि पायरी गाठली की ग्रेड आणि पगार दोन्ही बदला. इथं पैसा लागणारच. नवं काम करून घेऊन जुनाच पगार देणं आणि त्याला ‘संधी’ म्हणणं, हे माणसं लगेच ओळखतात.

वाढदिवसाचा केक चालू ठेवा, त्यात वाईट काही नाही.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर फलक उतरवा आणि का उतरवला ते सगळ्यांसमोर सांगा. मग पंधरा दिवस रोज अर्धा तास, ऑफिसची चप्पल काढून सेफ्टी शूज घालून, एकेका मशीनजवळ उभे राहा. मोबाइल ऑफिसात ठेवा. प्रत्येकाला एकच विचारा: ‘या कामात तुम्हाला अडतं कुठं?’ वयानं मोठ्या माणसाला मामा, आण्णा जे शॉपमध्ये म्हणतात तेच म्हणा. उत्तर वहीत त्याच्या नावासकट लिहा. यांतल्या निम्म्या अडचणी हजार-पाचशे रुपयांत सुटणाऱ्या असतील: दिवा, स्टूल, धार गेलेली फाइल, लांब ठेवलेलं गेज. त्या आठवड्याच्या आत सोडवा आणि ज्यानं सांगितल्या त्याला बोलावून दाखवा. ज्या सुटणार नाहीत त्यांचंही कारण त्या-त्या माणसाला जाऊन सांगा. पहिल्या दोन-तीन दिवसांत कुणी फारसं बोलणार नाही, ‘सगळं बरं चाललंय साहेब’ म्हणतील. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी मशीन थांबवून तुम्हाला आतलं काहीतरी दाखवायला बोलावेल. तेव्हा वाकून बघा.